सुवर्णयुगाची झळाळी आणि विसरलेले तप

२०२५ साली दादासाहेब फाळके यांच्या जीवनावर भव्य हिंदी चित्रपट काढण्याची घोषणा झाली आणि चित्रपटसृष्टीच्या गतवैभवाची चर्चा पुन्हा एकदा सुरू झाली. आपल्याच पूर्वजांकडे वळून पाहण्याची ही हौस चित्रपटसृष्टीला गेली दोन दशके लागलेली आहे. २००७ या एकाच वर्षात ‘ओम शांति ओम’ आणि ‘खोया खोया चाँद’ हे दोन हिंदी चित्रपट आले. २०१० च्या प्रारंभी मराठीत ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ सर्वत्र प्रदर्शित झाला. २०१६ मध्ये भगवानदादांच्या जीवनावरील ‘एक अलबेला’, २०१८ मध्ये तेलुगूत अभिनेत्री सावित्री यांच्या जीवनावरील ‘महानटी’, २०२३ मध्ये ‘ज्युबिली’ ही दहा भागांची हिंदी मालिका आणि २०२४ मध्ये ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ अशी ही मालिका वाढतच गेली आहे.

एखाद्या व्यवसायाने आपल्या पूर्वसूरींचे स्मरण करावे, यात वावगे काहीच नाही. ऋषिऋण मानणाऱ्या समाजाला तर त्याचे स्वागतच वाटले पाहिजे. परंतु स्मरण कशाचे करायचे, हा प्रश्न त्याआधी सोडवावा लागतो. वडिलांचे श्राद्ध करताना त्यांच्या कर्तृत्वाऐवजी केवळ त्यांच्या अंगरख्याचे आणि त्यांच्या भांडणांचेच वर्णन कोणी करू लागला, तर त्याला पितृस्मरण म्हणता येणार नाही. सुवर्णयुगावरील बहुतेक चित्रपट आणि मालिका यांची नेमकी हीच गत झालेली आहे. जुन्या मोटारी, काळे टेलिफोन, सिगारेटचा धूर, मद्याचे चषक, नायिकेचे अश्रू, निर्मात्याची कारस्थाने आणि शेवटी एकाकी मृत्यू, एवढ्या सामग्रीवर एक संपूर्ण युग उभे केले जाते. ज्या परिश्रमांतून ते युग घडले, ते परिश्रम मात्र पडद्याबाहेरच राहतात.

अशा कलाकृतींचे मूल्यमापन करण्यासाठी एक साधा निकष पुरेसा आहे. त्यात माणसे काम करताना दिसतात काय? दिसत असतील, तर ते काम त्यांनी कशासाठी पत्करले, हे प्रेक्षकाला उमगते काय? या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर ते स्मरण खरे. नसतील, तर ती केवळ जुन्या कपड्यांची प्रदर्शनी.

घराचाच कारखाना

या निकषावर पूर्णपणे उतरलेली कलाकृती म्हणून परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’चे नाव निःशंकपणे घ्यावे लागेल. ‘श्वास’नंतर ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेलेला हा दुसरा मराठी चित्रपट. नंदू माधव यांनी साकारलेले फाळके आणि विभावरी देशपांडे यांनी साकारलेल्या सरस्वतीबाई पाहताना प्रेक्षक हसत राहतो; आणि हसता हसताच त्याच्या ध्यानात येते, की हे एका व्रताचे आख्यान आहे.

फाळके यांच्या चरित्रात करुण रस ओतण्यास वाव भरपूर होता. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला हा वेदशास्त्रसंपन्न घरातील मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकला. त्याने छायाचित्रणाचा व्यवसाय केला. प्लेगने पहिल्या पत्नीचा आणि अपत्याचा घास घेतला. पुढे मुद्रणाच्या व्यवसायात भागीदारांशी बिनसले, तेव्हा वयाच्या चाळिशीत तो रिकाम्या हातांनी बाहेर पडला. १९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहताना त्याच्या मनात राम-कृष्णांची चित्रे हलू लागली आणि तेथेच भारतीय चित्रपटाचा गर्भ राहिला. अतिश्रमाने दृष्टी अधू झाली. उपचारांनी ती परत मिळाली. विम्याच्या पॉलिश्या गहाण पडल्या. १९१२ साली लंडनला जाऊन फाळके यंत्रसामग्री घेऊन आले आणि धनिकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीतल्या रोपट्याची वाढ चित्रित करून दाखवली.

हे सर्व सांगताना मोकाशी यांनी हुंदक्यांचा आधार घेतला नाही, हेच त्यांचे मोठेपण. फाळके यांच्या घरात दारिद्र्य आहे. पण दैन्य नाही. सरस्वतीबाई दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सांभाळत आणि रात्री फितीला छिद्रे पाडणे, ती रसायनांत धुणे ही कामे करीत. चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. स्त्रीभूमिकेसाठी कोणी स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, तेव्हा एका मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाने स्वयंपाकघरासह आपला सारा संसार पणाला लावलेला होता. भारतीय चित्रपटाचा पहिला कारखाना हे एक घर होते, ही गोष्ट या चित्रपटाने पहिल्यांदा सर्वसामान्य प्रेक्षकाच्या मनावर ठसवली.

या उद्योगाची प्रेरणाही लपलेली नव्हती. वंगभंगाच्या चळवळीनंतर स्वदेशीचे वारे देशभर वाहत होते आणि फाळके आपल्या धंद्याकडे स्वदेशी उद्योग म्हणूनच पाहत होते. त्यांच्या उद्योगाला भांडवल मिळावे म्हणून खुद्द लोकमान्य टिळकांनी खटपट केली होती. १९१४ साली लंडनमध्ये त्यांच्या चित्रपटांची वाखाणणी झाली. तेथेच राहून चित्रपट काढण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला आणि त्यांनी तो नाकारला. पुढे येणाऱ्या फाळके-चरित्रपटांना भव्य देखावे, संगणकीय चमत्कार, नामवंत नट यांची वाण पडणार नाही. मात्र हा नकार कोठून आला, हे ज्याला दाखवता येईल, तोच चित्रपट फाळके यांचा म्हणावा लागेल.

रॉय टॉकीजचा आरसा

‘ज्युबिली’ या मालिकेचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि म्हणूनच अधिक विचार करण्याजोगे आहे. विक्रमादित्य मोटवाने यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका कारागिरीच्या दृष्टीने उत्तम आहे. अमित त्रिवेदी यांनी जुन्या वळणाची गाणी कसोशीने बांधली आहेत. फाळणीनंतर मुंबईत आलेल्या निर्वासितांची छावणी, सर्वस्व गमावून आलेले खन्ना कुटुंब आणि त्या कुटुंबातील मुलाची चित्रपटात पाय रोवण्याची धडपड हा भाग तर विशेष उल्लेखनीय आहे. हिंदी चित्रपटसृष्टीच्या जडणघडणीत फाळणीचा वाटा किती मोठा होता, याचा विसर त्या सृष्टीलाच पडलेला आहे. लाहोरहून उठून आलेले बी. आर. चोप्रा आणि रामानंद सागर हे पुढे ‘महाभारत’ आणि ‘रामायण’ घराघरांत पोहोचवणारे निर्माते ठरले. अबोटाबादेत जन्मलेला आणि बालपणीच निर्वासित झालेला हरिकृष्ण गोस्वामी पुढे मनोजकुमार झाला. ज्यांचे घर गेले, त्यांनीच पडद्यावर देश उभा केला. या दुःखाची दखल ‘ज्युबिली’ने घेतली, हे तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

आक्षेप आहे तो पुढच्या मांडणीला. मालिकेतील ‘रॉय टॉकीज’ ही बॉम्बे टॉकीजची सावली आहे, हे जाणकारास सांगावे लागत नाही. मालक श्रीकांत रॉय आणि त्याची अभिनेत्री पत्नी सुमित्राकुमारी यांना पाहताच हिमांशू राय आणि देविकाराणी आठवतात. स्टुडिओतील साध्या नोकरीतून नायकपदी चढलेला मदनकुमार अशोककुमार यांची आठवण करून देतो. नावे बदललेली असल्यामुळे लेखकाला स्वातंत्र्य मिळते, हे मान्य. परंतु ज्या प्रेक्षकाला मूळ चरित्रे ठाऊक नाहीत, त्याच्या मनात कल्पिताची छाया इतिहासावर पडल्यावाचून राहत नाही आणि आज बहुसंख्य प्रेक्षक असेच आहेत.

वस्तुस्थिती काय होती? बॉम्बे टॉकीजची स्थापना १९३४ साली मालाड येथे झाली. हिमांशू राय १९४० साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या सात वर्षे आधीच निवर्तले. मालिका त्यांच्या प्रतिमेला फाळणीच्या धामधुमीत आणून बसवते. बॉम्बे टॉकीज ही रीतसर नोंदलेली भागभांडवलाची कंपनी होती. मुंबईतील प्रतिष्ठित नागरिक तिच्या संचालक मंडळावर होते. चित्रपटाचा धंदा सभ्य गृहस्थांचा नव्हे, अशी समजूत दृढ असण्याच्या काळात तो हिशेबाने, शिस्तीने आणि सुशिक्षितांच्या साहाय्याने करता येतो, हे या संस्थेने दाखवून दिले. पारशी समाजातील खोर्शेद होमजी यांनी समाजाचा रोष टाळण्यासाठी सरस्वतीदेवी हे नाव घेतले आणि तेथे संगीत दिग्दर्शन केले. संगीत दिग्दर्शनाच्या क्षेत्रात स्त्रीचे पाऊल पडले ते हे असे.

आणि देविकाराणी? पतीच्या मृत्यूनंतर भागीदारांतील मतभेदांना तोंड देत त्यांनी काही वर्षे ही संस्था चालवली. १९४३ सालचा ‘किस्मत’ याच संस्थेचा. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला. १९४४ च्या ‘ज्वारभाटा’तून दिलीपकुमार यांना त्यांनीच पडद्यावर आणले. १९६९ साली दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या मानकरी त्याच ठरल्या. एका कर्तबगार स्त्रीचे हे चरित्र. मालिकेतील सुमित्राकुमारी मात्र प्रियकराच्या शोधात आणि सूडात गुंतून पडते. देविकाराणींच्या खासगी जीवनात वादळ आलेच नव्हते, असे नाही. परंतु त्या वादळानंतर त्यांनी जे उभे केले, ते गाळून केवळ वादळच ठेवायचे, यात स्त्रीचाही सन्मान नाही आणि इतिहासाचाही नाही. स्त्रीमुक्तीचा घोष अहर्निश करणाऱ्या मनोरंजन क्षेत्राला देविकाराणींमधील प्रशासक दिसू नये, ही विसंगती बोलकी आहे.

टिंगल आणि कृतज्ञता

‘खोया खोया चाँद’ने पन्नासच्या दशकाचा देखावा उभारला, पण त्यातील लेखक-नायक लिहिताना दिसतो त्याहून अधिक पिताना दिसतो. ‘ओम शांति ओम’चा सूर निराळा. सत्तरच्या दशकाचे ते रंगीबेरंगी विडंबन होते आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. निर्मळ थट्टेला कोणाचीच हरकत नसते. परंतु त्यात मनोजकुमार यांच्या लकबीची जी टिंगल केली गेली, ती त्यांच्या जिव्हारी लागली. त्यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि चित्रपटकर्त्यांना क्षमा मागावी लागली. १९६५ च्या ‘शहीद’मध्ये भगतसिंग उभा करणारा आणि शास्त्रीजींच्या जवान-किसान घोषणेतून प्रेरणा घेऊन १९६७ साली ‘उपकार’ काढणारा हा कलावंत. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा श्रद्धांजलीच्या शब्दांना खळ नव्हता. जिवंतपणी टिंगल आणि मृत्यूनंतर पुष्पचक्र, हा रिवाज या सृष्टीच्या अंगवळणी पडलेला दिसतो.

या संदर्भात पश्चिमेकडील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. हॉलीवुडनेही आपल्या जुन्या काळावर अनेक चित्रपट काढले. त्यांत भडक आणि उथळ चित्रपटांची संख्या कमी नाही. तथापि २०११ साली मार्टिन स्कॉर्सेसी या अमेरिकन दिग्दर्शकाने ‘ह्यूगो’ नावाचा चित्रपट काढला. जॉर्ज मेलिये हा फ्रेंच चित्रपटकर्ता म्हणजे आरंभकाळातील एक किमयागार. उत्तरायुष्यात तो विपन्नावस्थेत पॅरिसच्या रेल्वे स्थानकावर खेळणी विकत बसला होता. त्याच्या अनेक फिती वितळवल्या गेल्या होत्या. ‘ह्यूगो’ची कथा त्याला शोधून काढण्याची आणि त्याच्या कामाला पुन्हा उजेडात आणण्याची आहे. ती सांगणारा माणूस केवळ कथा सांगून थांबलेला नाही. जुन्या चित्रपटांचे जतन आणि पुनरुज्जीवन करण्यासाठी त्याने १९९० सालीच एक संस्था उभी केली होती. पूर्वजांवर चित्रपट काढायचा आणि पूर्वजांचे चित्रपटही वाचवायचे, ही दोन्ही कामे एकाच कृतज्ञतेची अंगे आहेत. उथळपणाचे अनुकरण करण्यास जे तत्पर असतात, त्यांनी या कृतज्ञतेचे अनुकरण का करू नये?

दुःख झाकावे, असे नव्हे

यावर एक प्रतिप्रश्न अपेक्षित आहे. सुवर्णयुगात व्यसने नव्हती काय? स्त्रियांचे शोषण नव्हते काय? उतारवयात कलावंतांची परवड झाली नाही काय? या सर्व प्रश्नांचे उत्तर होय असेच आहे आणि ते झाकण्याची मागणी कोणीही करू नये. सत्य लपवून उभी केलेली मूर्ती पहिल्या पावसात विरघळते.

श्याम बेनेगल यांचा १९७७ सालचा ‘भूमिका’ हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला आहे. स्वतःच्या कुटुंबाचे पोट भरण्यासाठी लहानपणीच पडद्यावर आणलेली एक मराठी अभिनेत्री घर, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांच्या शोधात कशी होरपळत जाते, हे स्मिता पाटील यांनी त्यात असे काही साकारले, की राष्ट्रीय पुरस्कारही त्यांच्यापुढे खुजा वाटावा. हा चित्रपट कटू आहे. पण तो प्रामाणिक आहे. त्याला आधार आहे तो त्या स्त्रीने स्वतः दिलेल्या साक्षीचा आणि त्यात तिचे कामही दिसते. थकलेल्या देहाने पुन्हा चेहऱ्याला रंग लावून दिव्यांसमोर उभे राहण्याचे कष्ट दिसतात. म्हणूनच तिच्याविषयी कुतूहल नव्हे, आदर उत्पन्न होतो.

‘एक अलबेला’मधील भगवानदादांचेही तसेच. गिरणी कामगाराचा हा मुलगा अंगमेहनतीच्या बळावर १९५१ च्या ‘अलबेला’पर्यंत पोहोचला. मोटारी, बंगला सारे आले आणि गेलेही. अखेर दादरच्या चाळीत २००२ साली त्यांचा शेवट झाला. मंगेश देसाई यांनी उभे केलेले भगवानदादा कीव मागत नाहीत. पडद्यावर नाचणारा तो धिप्पाड माणूस हजारो कष्टकऱ्यांना दिवसभराच्या श्रमांचा विसर पाडत होता, हे भान त्या चित्रपटाने राखले. वैभव ओसरल्यावरही चाळीतल्या माणसांनी त्याला आपला मानले, हे मराठी कामगार वस्तीचे सांस्कृतिक संचित आहे.

कोल्हापूर आणि पुणे कोठे आहेत?

सुवर्णयुग म्हटले, की मुंबईचे मेजवानीचे दिवाणखाने डोळ्यांसमोर आणण्याची सवय हिंदी पडद्याने लावलेली आहे. वस्तुतः त्या युगाची एक मोठी भट्टी पेटली होती ती कोल्हापुरात. बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्याच तालमीतून बाहेर पडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या अर्थबळावर १ जून १९२९ रोजी ‘प्रभात’ची स्थापना केली आणि १९३३ साली ती पुण्यात आणली.

प्रभात ही केवळ कंपनी नव्हती. वेळेवर यावे, नेमून दिलेले काम करावे, गरज पडल्यास नटानेही सामान उचलावे, ही तेथील रीत. सुताराच्या हातोडीला आणि दिग्दर्शकाच्या आज्ञेला तेथे सारखेच मोल होते. दामले आणि फत्तेलाल ही तर अशी जोडी, की एकाचे नाव घेता दुसऱ्याचे आपोआप ओठांवर यावे. त्यांनी १९३६ साली दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांच्या मुखातून तुकोबा बोलू लागले, तेव्हा खेड्यापाड्यांतली माणसे पडद्याला हात जोडत. ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांनी जरठ-कुमारी विवाह, पतितेचे पुनर्वसन, हिंदू-मुस्लिम सलोखा हे विषय लोकांच्या काळजाला भिडवले. पुढे देव आनंद आणि गुरुदत्त यांची कारकीर्द सुरू झाली तीही प्रभातमध्येच. मुंबईच्या सुवर्णयुगाला पुण्याने पुरवलेली ही शिदोरी.

आणि भालजी पेंढारकर? मूकपटांच्या काळातच ‘वंदे मातरम् आश्रम’ काढून ब्रिटिश सेन्सॉरचा रोष ओढवून घेणारा हा राष्ट्रवृत्तीचा कलावंत. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत कोल्हापुरातील त्यांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. उभ्या आयुष्याची कमाई डोळ्यांदेखत जळाली. भालजींनी कोणाला शिव्याशाप दिले नाहीत. कर्ज डोक्यावर घेऊन त्यांनी स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ पडद्यावर आणला. १९६५ चा ‘साधी माणसं’ तर त्यांच्या जीवनदृष्टीचे सारच. पटकथाकाराला याहून अधिक नाट्य कोठे मिळणार? परंतु या नाट्यात मद्याचा चषक नाही, सूड नाही. राखेतून उठून पुन्हा कामाला लागणारा एक माणूस आहे. बहुधा म्हणूनच मोठ्या भांडवलाच्या पटकथाकारांना तो दिसत नाही.

‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ या चित्रपटाचे मोल या पार्श्वभूमीवर लक्षात येते. योगेश देशपांडे यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि सुनील बर्वे यांनी बाबूजी साकारलेल्या या चित्रपटात उपाशीपोटी गावोगाव हिंडणारा तरुण गायक आहे आणि त्याच्या स्वरामागचा स्वयंसेवकही आहे. १९५४ साली दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात उडी घेणारे बाबूजी आणि १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ गाणारे बाबूजी ही दोन माणसे नव्हेत. उतारवयात लोकवर्गणीच्या बळावर त्यांनी सावरकरांवरील चित्रपट २००१ साली पूर्ण करून दाखवला. कला आणि राष्ट्रकार्य यांच्यात भिंत नसते, हे त्यांनी जगून सिद्ध केले.

रिळे जळतात, तेव्हा

पडद्यावरील स्मरण असे अपुरे राहिले, की प्रत्यक्षातील ठेव्याकडेही दुर्लक्ष होते. हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निर्माण झाले. त्यांपैकी आज अर्धेमुर्धे तुकडे धरूनही सुमारे तीसच शिल्लक आहेत. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. फितीतील चांदी काढून घेण्यासाठी कित्येक रिळे भंगारात विकली गेली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ज्वालाग्राही फितींच्या कोठारास आग लागली आणि अनेक दुर्मीळ रिळांची राख झाली. राज कपूर यांचा चेंबूरचा स्टुडिओ २०१७ च्या आगीत होरपळला आणि २०१९ साली बांधकाम व्यावसायिकाच्या हाती गेला. जयप्रभा स्टुडिओची वास्तू वाचवण्यासाठी २०२२ साली कोल्हापूरकरांना आंदोलन करावे लागले.

फाळके यांच्या चित्रपटांचे जे काही अवशेष आज पाहता येतात, ते पी. के. नायर या एका ध्यासवेड्या संग्राहकाच्या पायपिटीचे फळ. केरळातून आलेला हा माणूस नाशिकपर्यंत जाऊन फाळके यांच्या वारसांकडून फितींचे तुकडे गोळा करतो आणि ते पुण्यात जपून ठेवतो. राष्ट्रीय एकात्मतेचे याहून सुंदर उदाहरण कोणते? अलीकडे शासनानेही या कामी पाऊल उचलले आहे. २०२२ साली सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. मुंबईत २०१९ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची वास्तू जनतेसाठी खुली झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु समाजाची ओढ नसेल, तर शासनाने उभारलेल्या वास्तूंत केवळ पहारेकरी उरतात.

ही ओढ निर्माण करणे कुटुंबांच्या हाती आहे. दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर जे येईल ते पाहत बसणाऱ्या नव्या पिढीला ‘संत तुकाराम’ एकदा घरातील सर्वांनी मिळून दाखवावा. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ दाखवल्यावर सुट्टीत नाशिकचे फाळके स्मारक दाखवावे. पुण्यात गेल्यावर प्रभातच्या जुन्या वास्तूकडे बोट दाखवून तेथे काय घडले, ते सांगावे. गावोगावच्या चित्रमंडळांनी आणि वाचनालयांनी वर्षातून एक दिवस भालजींच्या नावाने राखून ठेवण्यास पैसा लागत नाही. घरातील माळ्यावर जुन्या चित्रपटांच्या पुस्तिका, जाहिराती, छायाचित्रे पडली असतील, तर ती रद्दीत न टाकता संग्रहालयाकडे पोहोचवावीत.

सोने खाणीतून निघते, तेव्हा ते मातीत मिसळलेले असते. ते गाळणारे, भट्टीपुढे घाम गाळणारे हात असतात, म्हणून त्याला झळाळी येते. सुवर्णयुगावर चित्रपट काढणाऱ्यांनी ही झळाळी मनसोक्त दाखवावी. परंतु ते हात दाखवण्याचे विसरू नये. सरस्वतीबाईंच्या हातातील चादर, बाबूराव पेंटरांचा घरी घडवलेला कॅमेरा आणि जयप्रभाच्या राखेत उभे राहिलेले भालजी, या तीन चित्रांत जेवढे सोने आहे, तेवढे कोणत्याही दिवाणखान्याच्या झुंबरात नाही. हे सोने ओळखणारा प्रेक्षक तयार झाला, तर ते दाखवणारा चित्रपटही आज ना उद्या तयार होईलच.